दोघांपुरते शब्द

४ फेब्रुवारी

चि.

यापुढची जागा मुद्दाम रिकामी सोडली आहे. इतकी वर्षं "सूनबाई" म्हणत आलो. आता कोर्टाचा कागद हातात पडल्यावर ते लिहावं की नाही, कळेना. नावाने तुला मी कधी हाक मारली नाही आणि आता मारली तर तूच मागे वळून "कोण?" म्हणशील. तेव्हा तूर्त चि. एवढ्यावर भागव. त्याला कोर्टाची हरकत नसावी.

सोबतच्या डब्यात माझी खालची कवळी आहे. तुझ्याच हातची. डावीकडे हिरडीला घासते आणि बोलायला लागलो की वर उचलली जाते. इथल्या दाताच्या डॉक्टरला दाखवली. तो म्हणाला, "कुणी केली आहे? काम चांगलं आहे." मी म्हटलं, "आमच्या सुनेने." तो म्हणाला, "मग तिच्याकडेच द्या की. घरचंच माणूस आहे." त्याला पुढचं सांगत बसलो नाही. कवळी तुझ्याकडे असेपर्यंत फोनवर माझं बोलणं कुणाला कळायचं नाही, म्हणून हे पत्र.

घर ठीक आहे. परवा विम्याचे कागद सापडेनात. मी चिरंजीवांना म्हटलं, नीटगहाळ झालेत. ते म्हणाले, "हरवले म्हणा ना सरळ." आता याला काय म्हणावं? हरवण्यात आपला निष्काळजीपणा असतो. इथे तर आपण वस्तू इतकी जपून, इतक्या नीट जागी ठेवतो की त्या नीटपणामुळेच ती गहाळ होते. तुझ्या सासूने हा शब्द काढला तेव्हा आम्ही दोघं आणि लहानगे चिरंजीव आमच्या लग्नातल्या दागिन्यांसाठी पिठाचा डबा उपसत होतो. ती गेली तरी शब्द चालू राहिले, कारण तू होतीस. आता मी एकटाच बोलतो आणि मीच ऐकतो. तीस-पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे बंद जागेत एकटं असण्याची सवय आहे. पण लिफ्टमध्ये निदान आकडेध्यान करता येतं, अनोळखी माणसं एकमेकांकडे बघायला नको म्हणून मजल्यांच्या आकड्यांकडे टक लावून उभी असतात तसं. घरात बघायला आकडेही नाहीत.

आता मुद्द्याचं. कोर्टाने तुझं आणि त्याचं नातं संपवलं. तुझ्या आणि माझ्या नात्याचं काय झालं, ते कागदात कुठे नाही. दोनदा वाचून पाहिलं. आपल्या भाषेत बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा साडू असा स्वतंत्र शब्द आहे. जी सून होती, आता नाही, पण सासऱ्याला अजून हवी आहे, तिला शब्द नाही. ज्याला शब्द नाही ते लोक हळूहळू विसरतात, ही मला भीती आहे. तुझ्या मनात काय आहे ते स्पष्ट कळव. संबंध नको असेल तर कवळी दुरुस्त करून पाठव आणि पत्र घालू नकोस, मी समजून जाईन.

तुझा
(इथेही जागा रिकामी)


११ फेब्रुवारी

ती. बाबा,

मी जागा रिकामी सोडत नाही. तुम्हाला बाबा म्हणायला लागले तेव्हा कुणी कागद केला नव्हता, त्यामुळे आता कागदाने ते खोडायचा प्रश्न येत नाही.

कवळी पोचली. आमच्या दातांच्या लॅबमधल्या मुली जेवत होत्या आणि एकीला वाटलं खाऊ आलाय. तिने डबा उघडला आणि लगेच बंद केला. कवळीत दोष नाही. वयाने तुमची हिरडी बसली आहे, म्हणून ती हलते. आतून नवा थर द्यावा लागेल. त्यासाठी तुमच्या जबड्याचा साचा लागतो, तो माझ्याकडे आहे; हिरडी किती बसली ते कवळीवरच्या घासल्याच्या खुणांवरून धरते. घर सोडताना मी काय काय नेणार ते तुमच्या मुलाने विचारलं होतं, तेव्हा मी हा साचा सांगितला नाही. कपड्यांत गुंडाळून आणला. इथे फळीवर ठेवलाय. रोज बघते असं नाही, पण आहे.

थोडे दिवस लागतील. तोवर मऊ खा आणि कुठे महत्त्वाचं बोलायला जाऊ नका. खालची कवळी नसली की माणूस काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळतं.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते. तिसरा-हो आठवतो? समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही, दोनदा "काय?" म्हणून विचारलं, तरी कळलं नाही, की तिसऱ्यांदा लाजेकाजेस्तव "हो" म्हणून मोकळं व्हायचं. शब्द माझाच, तुमच्या त्या पुटपुटणाऱ्या शेजाऱ्यांवरून केलेला. तुमच्या मुलाचा आणि माझा संसार शेवटी शेवटी त्यावरच चालला होता. तो काहीतरी म्हणायचा, मी हो म्हणायचे. मी काहीतरी म्हणायचे, तो हो म्हणायचा. भांडण एकदाही झालं नाही. लोक म्हणतात, इतका गुण्यागोविंदाचा संसार, मोडला कसा? मी काय सांगणार?

नात्याचं म्हणाल तर शब्द मलाही सुचत नाही. परवा लॅबमध्ये विचारलं, ही कुणाची कवळी? मी म्हटलं, ओळखीच्यांची. म्हणून तर बसले, पण मग दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

मी पत्र घातलं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

बाबा, औषधं वेळेवर घ्या.


१६ फेब्रुवारी

चि. ओळखीची हिस,

शब्द लागला, पण माझ्याकडेही दुसरा नाही, त्यामुळे तक्रार करत नाही.

एक बातमी तुला सांगणार नव्हतो. पण लपवली तर तू दोन ओळींमधून शोधून काढशील, तेव्हा आपणच सांगितलेली बरी. रविवारी चिरंजीवांनी एका बाईंना घरी आणलं. शाळेत भूगोल शिकवतात. मे महिन्यात लग्न करायचं म्हणतात. बाई सालस आहेत. मला दात नाहीत हे पाहून त्यांनी स्वतः केळं कुस्करून दिलं. मला आवडल्या, आणि आवडल्याबद्दल तुझ्याशी प्रतारणा केल्यासारखं वाटलं. दोन्ही खरं आहे.

गोंधळ नंतर झाला. त्या निघाल्या, दारात रीतसर निरोप झाला, नमस्कार झाला, पुन्हा या झालं. आणि मलाही नेमकं औषधाच्या दुकानात जायचं होतं, त्याच रस्त्याने. निरोप घेऊन झाल्यावर दोन माणसांना एकाच दिशेला चालावं लागलं की त्याला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. मी त्यांना हसून म्हटलं, "आता आपली निरोपफरफट होणार." दातांशिवाय म्हटलं. बाई एकदम बाजूला झाल्या आणि रिक्षा करून गेल्या.

संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते शब्द आता बंद करा. तिला वाटलं, तुमच्या डोक्यावर काही परिणाम झालाय." मी म्हटलं, अरे, तुझ्या आईचे शब्द आहेत. तो म्हणाला, "आई होती तेव्हा ठीक होतं." मी "काय?" म्हटलं. त्याने परत सांगितलं. मी परत "काय?" म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं. ऐकू मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

आपल्या पत्रांचं त्याला माहीत नाही. उद्यापासून तो कामासाठी बाहेरगावी आहे. बाकी ठीक. सकाळी उठलो की जरा गरगरतं, तेवढं सोडलं तर.

बाबा


२१ फेब्रुवारी

चि.

हा कागद दवाखान्याचा आहे, कारण मी दवाखान्यात आहे. घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, पण ते पटवून द्यायला दात नाहीत.

झालं असं. बुधवारी फिरायला गेलो आणि बोलण्याच्या नादात, म्हणजे स्वतःशीच, गल्ली चुकलो. मागे वळायचं तर लोकांना वाटणार म्हातारा चुकला. म्हणून वळणसबब केली. कपाळाला हात लावला, काहीतरी विसरल्यासारखे खिसे चाचपले, आणि मग वळलो. पण खिसे चाचपताना मान खाली गेली, गरगरलं, आणि मी फुटपाथवर बसलो. चार भल्या माणसांनी उचलून इथे आणलं.

तरुण डॉक्टरने विचारलं, काय करत होतात? खोटं का बोलू? म्हटलं, वळणसबब. तो म्हणाला, "कसली सबब?" मी समजावून सांगितलं. समजावताना आणखी दोन-तीन शब्द तोंडातून गेले. त्याने लिहून घेतलं : उच्चार अस्पष्ट, अस्तित्वात नसलेले शब्द वापरतात. मला त्याचं अक्षर लागतं हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

मग डोक्याचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. त्यामुळे सगळे जास्तच काळजीत पडले. काल एक बाई चित्रं घेऊन आली. चित्र दाखवायची आणि यात काय दिसतं विचारायची. छत्री बरोबर आली, कुलूप बरोबर आलं. मग खुर्चीचं चित्र काढलं, खुर्चीच्या पाठीवर शर्ट होता. मी म्हटलं, मधलेकपडे. म्हणजे धुवायला टाकावेत इतके मळलेले नाहीत आणि कपाटात ठेवावेत इतके स्वच्छ नाहीत, ते. तिने फुली मारली. खुर्ची तिला अपेक्षित होती. अहो, खुर्ची आहे हे कुणालाही दिसतंय.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. डॉक्टरने चिरंजीवांना फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. विचारलं, "तुमच्या घरात असे शब्द बोलतात का?" आणि माझ्या कागदावरचे शब्द वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "नाही. मला हे शब्द माहीत नाहीत." चारचौघांत बसला असेल. कामाच्या गडबडीत असेल. पण नीटगहाळ त्याला शाळेत जायच्या आधीपासून येत होता. हे मी डॉक्टरला सांगितलं, तर तेही त्याने लिहून घेतलं.

सोमवारी मोठे डॉक्टर येणार आहेत. त्यांनाही तसंच वाटलं तर मला एकट्याला घरी राहू देणार नाहीत. चिरंजीवांनी फोनवर एका संस्थेचं नाव काढलं. बाग आहे म्हणे. मला तिथे जायचं नाही. माझ्या घरात, माझ्या अंथरुणावर, माझ्या कटकटींसकट राहायचं आहे. हे मी इथे सगळ्यांना सांगितलं, पण दातांशिवाय सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही.

कवळी झाली असेल तर ताबडतोब पाठव. निदान जे बोलेन ते स्पष्ट बोलेन. एक सिस्टर हे पत्र कुरिअरने टाकते म्हणाली आहे. तिला आकडेध्यान शिकवलं. तिला आवडलं, पण साक्ष द्यायला घाबरते.

बाबा


२७ फेब्रुवारी

ती. बाबा,

सुखरूप पोचले. सोमवारी तुमच्या खाटेपाशी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. दाराबाहेर काय झालं ते मी तेव्हा सांगितलं नाही, कारण तोंडाने सांगायला लागले असते तर मला जमलं नसतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा कवळीला शेवटची झिलई बाकी होती. ती केली आणि तशीच पहाटेच्या गाडीत बसले. दवाखान्याच्या दारात रखवालदार. म्हणाला, "ही भेटायची वेळ नाही. फक्त जवळच्या नात्यातली माणसं. तुमचं नातं काय?" सून म्हटलं तर खोटं, आणि त्याने तुमच्या मुलाला फोन केला असता. ओळखीची म्हटलं की आल्या पावली परत. हातात डबा, डब्यात तुमचे दात. मी म्हटलं, "उरसून."

तो म्हणाला, "काय?"

मी म्हटलं, "उरसून. नवरा राहिला नाही, सासरे उरले, ती. तुम्हाला माहीत नाही?"

आता माहीत नाही म्हणायला कोण तयार होतो? त्याने मान डोलावली. "माहीत आहे हो," म्हणाला, "आमच्याकडे जरा वेगळं म्हणतात." आणि दार उघडलं. वर सिस्टरला ओरडून सांगितलं, "यांना जाऊ द्या, उरसून आहेत." सिस्टरनेही काही विचारलं नाही.

मोठे डॉक्टर मला व्हरांड्यातच भेटले. मी सांगितलं, ते शब्द आमच्या घरातले आहेत, काही सासूबाईंचे, काही बाबांचे, दोन-चार माझे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं आता माझीही खाट घालतात. पण माणूस विचारी होता. मला बाहेर बाकावर बसवलं, तुमच्या कागदावरचे पाच शब्द काढले आणि एकेकाचा अर्थ विचारून लिहून घेतला. मग कवळी तेवढी आत नेली, मला नाही. तुम्हाला वाटलं असेल ते शब्दांची तपासणी करताहेत. ते आपल्या दोघांची उत्तरं ताडून बघत होते.

बाबा, त्या बाकावर मला जितकी भीती वाटली तितकी कोर्टातसुद्धा वाटली नव्हती. यांतला एखादा तुम्ही खरंच विसरला असलात तर? मग माझ्या एकटीच्या बोलण्याला कोण विचारतो?

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, चार जुळले. जीभफेरीला मात्र तुम्ही वेळ घेतलात. मी लिहून दिलं होतं : दात पडला की जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेशी जाऊन येते, ती. तुम्ही तेच सांगितलंत आणि वर म्हणालात, "सून गेली की घरातही होते." डॉक्टर म्हणाले, "हे दुसरं वाक्य तुमच्या उत्तरात नाही, पण मी गुण कापले नाहीत." मग कागद मिटून म्हणाले, "एकट्याला येतो तो आजार. दोघांना येतो तो शब्द. गरगरतंय ते रक्तदाबाच्या गोळीने, ती बदलतो. यांना घरी न्या."

मी तिथेच रडले. रखवालदाराने पाणी आणून दिलं.

तुमच्या मुलाला तुम्ही माफ करून टाकलं असेल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मी केलेलं नाही. ज्याला आईचा शब्द ओळखता आला नाही त्याच्यावर मला राग आहे आणि तो मी काही दिवस ठेवणार आहे.

आणि हो, उरसून चालेल का ते कळवा. घाईत केलाय, नंतर विचार करायला वेळ मिळाला नाही.

तुमची


१२ मार्च

चि. उरसून हिस अनेक आशीर्वाद.

शब्द चालतो. पुढून, मागून, हाक मारून, सगळीकडून तपासून पाहिला. त्या हिशोबाने मी तुझा उरसासरा होतो. ते जरा दम लागल्यासारखं ऐकू येतं, पण मी चालवून घेईन. मला बाबाच म्हण.

कवळी हाडामांसाची असल्यासारखी बसली आहे. प्रत्येक शब्द खणखणीत येतो. त्याचा तोटाही आहे, तो सांगतो.

चिरंजीव मागच्या शुक्रवारी परतले. बॅग ठेवली, पाणी प्याले, माझ्यासमोर बसले. मी फोनचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "दवाखान्यात फोन केला होता. सिस्टर म्हणाली, बाबांना त्यांची उरसून घेऊन गेली. म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. कळलं." मग म्हणाला, "हा कधी केला?"

"दवाखान्याच्या दारात. घाईत."

"मला सांगितलं नाहीत."

मी म्हटलं, "तुला ते शब्द माहीत नाहीत ना."

हे मी बोलणार नव्हतो. मनात होतं, पण जुनी कवळी असती तर अर्धं आतच राहिलं असतं. नव्या कवळीतून अक्षर न् अक्षर बाहेर आलं. त्याचं तोंड इतकंसं झालं. म्हणाला, "समोर सगळी ऑफिसची माणसं होती. आमच्या घरात असं बोलतात म्हणायची लाज वाटली. आईची नाही वाटली, बाबा. ऐकणाऱ्यांची वाटली. आणि मग नाही म्हटल्यावर ते परत घ्यायचं कसं ते कळेना." मला त्याची कीव आली आणि रागही आला. मी उठून भाताचा कुकर लावला. तो मागोमाग आला आणि कोथिंबीर निवडायला घेतली, नको होती तरी. संस्थेला त्याने 'नको' असं कळवलं आहे. बागेचं मला जरासं वाईट वाटलं.

तू राग काही दिवस ठेवणार म्हणालीस, खुशाल ठेव. पण काल जे कानावर पडलं ते तुला कळवणं माझं कर्तव्य आहे, मग तू काय ते ठरव.

काल दुपारी तो फोनवर त्या भूगोलाच्या बाईंशी बोलत होता. मी पलीकडच्या खोलीत पडलो होतो, ऐकायचा इरादा नव्हता, पण उठून दाराशी गेलो. बाई विचारत असाव्यात की लग्नानंतर आपण दोघं कामावर गेलो की बाबांकडे कोण बघणार. तो म्हणाला, "ते एकटे नाहीत. त्यांची उरसून आहे." तिकडून "काय?" आलं असावं. त्याने परत सांगितलं, सावकाश. परत "काय?" आलं असावं. मला वाटलं, आता हा विषय बदलणार, माणसं बदलतातच. त्याने बदलला नाही. खुर्ची ओढली, बसला आणि म्हणाला, "थांब, नीट सांगतो. मी जिला सोडलं आणि बाबांनी सोडलं नाही, ती."

मी दाराशी तसाच उभा राहिलो. तुझा अर्थ रखवालदारापुरता ठीक होता. पण मला विचारशील तर त्याचा जास्त नेमका आहे. तुझी हरकत नसेल तर आपण तो ठेवू या.

बाबा